वायर मोजायची गोल चकती: घ्या, पण तिच्याकडून काय कळतं ते समजून घ्या

वायरचा गेज (म्हणजे जाडीचा नंबर) मोजायची ती गोल पोलादी चकती असते ना, कडेने सगळीकडे खाचा, प्रत्येक खाचेच्या तळाशी एक भोक आणि बाजूला नंबर कोरलेला, ती घेतली आणि बरेच दिवस वापरली, त्यावर हे लिहितोय. आधीच सांगतो, वस्तू चांगली आहे. न बॅटरी, न डिस्प्ले, खिशात टाका आणि विसरा. पण लोक हिच्याकडून जे उत्तर मागतात ते ही देऊच शकत नाही, आणि ते पॅकेटवर कुणी लिहीत नाही.

वापरायची कशी ते पहिलं, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. वायर खाचेत घालायची, भोकात नाही. भोक खाचेपेक्षा मोठंच असतं, खाचेतून सरकलेली वायर मोकळी व्हावी एवढंच त्याचं काम. इन्सुलेशन सोलायचं, तांबं उघडं करायचं आणि ज्या सगळ्यात अरुंद खाचेतून वायर जोर न लावता, किंचित घासून जाते तो तिचा नंबर. (सप्लाय बंद करून, हे सांगायला लागू नये.) मोटरच्या वाइंडिंगची वायर असेल तर वरचं वॉर्निश खरवडून मोजा, नाहीतर बारीक तारेत एखादा नंबर जाड दिसू शकतो.

नंबर वाढला की वायर बारीक, हे नवीन माणसाला उलटं वाटतं. तार ओढून बारीक करतात, एका साच्यातून, मग त्याहून लहान साच्यातून, असं करत जितक्या वेळा ओढली तितका नंबर मोठा, तिथून ही पद्धत आली. अमेरिकन गेजमध्ये यामागे पक्कं गणित आहे, नंबर ३ ने कमी झाला की तांब्याचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट आणि ६ ने कमी झाला की व्यास दुप्पट. आणि १० नंबरची वायर साधारण २.६ मिमी म्हणजे एक दशांश इंच, एवढं एक लक्षात ठेवलं की बाकीचे नंबर तोंडी काढता येतात, १६ म्हणजे १.३ मिमी, २२ म्हणजे ०.६५ च्या आसपास. मला हा भाग फार आवडतो, तक्ता शोधावा लागत नाही.

आता खरी गडबड. चकत्या दोन जातीच्या मिळतात, ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजच्या आणि अमेरिकन वायर गेजच्या, दिसायला डिट्टो सारख्या, आणि काहींवर कुठली आहे ते इतक्या बारीक अक्षरात असतं की भिंग लागेल. ब्रिटिश १४ नंबर म्हणजे २.०३ मिमी, अमेरिकन १४ नंबर म्हणजे १.६३ मिमी. व्यासात फरक किरकोळ वाटतो पण क्षेत्रफळ काढलं तर ब्रिटिश १४ मध्ये दीडपटीपेक्षा जास्त तांबं आहे. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमांमध्ये (कोडमध्ये) १४ नंबरच्या तांब्याच्या वायरला १५ अँपिअरचा ब्रेकर, १२ ला २० आणि १० ला ३० असं साधारण धरतात, हे आकडे पाठ करून कुणी ब्रिटिश चकतीवर १६ नंबर वाचला आणि अमेरिकन तक्त्यात १६ शोधला तर तो भलत्याच ओळीत जातो, कारण ब्रिटिश १६ ही मापाने जवळपास अमेरिकन १४ आहे. म्हणून चकती घेताना आधी जात बघा. माझ्या चकतीवर मागच्या बाजूला इंचाचे दशांश आहेत, मिलीमीटर नाहीत, आणि आज बहुतेक वायर स्क्वेअर एमएममध्ये, म्हणजे तांब्याच्या क्षेत्रफळावर, विकली जाते, म्हणजे प्रत्येक वेळी २५.४ ने गुणा, व्यासाचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा. कंटाळा येतो राव. याचा एक स्टार कापला.

दुसरा कापला फ्लेक्सिबल वायरसाठी. चकती एकेरी, भरीव तारेसाठी बनलेली आहे. गुंफलेल्या तारांमध्ये पोकळी असते त्यामुळे तेवढंच तांबं असलेली सात तारांची वायर एकेरीपेक्षा साधारण १३ टक्के जाड भरते आणि चकती एक-दोन नंबर जाड सांगते, आणि अगदी बारीक तारांची असेल तर खाचेत दाबली जाऊन काहीही सांगते. तिथे एकच तार वेगळी काढा, तिचा व्यास मायक्रोमीटरने घ्या आणि तारा मोजा. ०.२५ मिमीच्या ३० तारा म्हणजे १.४७, हीच ती १.५ स्क्वेअर एमएमची वायर. ०.०३ कुठे गेले म्हणून भांडायला जाऊ नका, आयईसी ६०२२८ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड वायरला मुळात रेझिस्टन्सवर पास करतं, १.५ च्या फ्लेक्सिबल वायरला २० डिग्रीला किलोमीटरमागे जास्तीत जास्त १३.३ ओहम.

आणि इथेच चकती सगळ्यात तोकडी पडते. तिला जाडी कळते, धातू कळत नाही. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर खाचेत अगदी बरोबर बसते, नंबर बरोबर, रंग बरोबर, आणि करंट वाहायची क्षमता तांब्यापेक्षा बरीच कमी. ओळखायची असेल तर एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की समजा (कथील चढवलेल्या तांब्यात उलटं असतं, बाहेर पांढरं आत लाल, ती चांगली वायर आहे). नाहीतर वजन करा. १.५ ची १०० मीटर गुंडाळी असेल तर नुसतं तांबंच १.३ किलोच्या वर भरतं, ॲल्युमिनियमवाली त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मल्टीमीटरने पूर्ण गुंडाळीची दोन टोकं मोजली, प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा केला आणि १.३ ओहमच्या जागी २ च्या जवळ आलं, तर वायर परत करा.

लांबीही तिला कळत नाही. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, ५ अँपिअर, सप्लायपासून १० मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर वायर. १.५ ची घातली तर १.३ व्होल्ट वायरमध्येच जातात, ११ टक्के, पट्टी मंद दिसणार. वायर गरम होणार नाही, ब्रेकर पडणार नाही, तरी वायर चुकलेली आहे. ४ स्क्वेअरची घातली की अर्ध्या व्होल्टवर येतं. हीच १.५ ची वायर २३० व्होल्टला तेवढ्याच करंटवर वापरली तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट, कुणाला कळणारही नाही. तक्त्यात एकाच नंबरपुढे एकच अँपिअर बघून वायर ठरवणाऱ्यांचं इथे फसतं. शिवाय एकाच पाइपात किती वायरी कोंबल्यात, इन्सुलेशन किती डिग्रीचं आहे, एक्स्टेंशन गुंडाळलेलंच ठेवून हीटर लावलाय का, हे सगळं तुम्हालाच बघायचंय. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, त्यामुळे काठावर असाल तर एक साइज जाड घ्या, आणि ब्रेकर वायरच्या हिशोबाने ठेवा, मशीनच्या हौसेने वाढवू नका.

तर, पाचपैकी तीन स्टार. जुन्या फिटिंगमधली भरीव वायर ओळखायला, वाइंडिंगच्या कामाला, पेटीत पडलेले बेनाम तुकडे वेगळे करायला झकास. फक्त फ्लेक्सिबल वायरचं काम करत असाल तर हे पैसे मायक्रोमीटरमध्ये घाला. घेणारच असाल तर स्टेनलेस घ्या, साध्या पोलादाची दमट जागेत गंजते आणि ३० च्या पुढच्या खाचा इतक्या अरुंद असतात की थोडा गंजही माप चुकवायला पुरतो.