कंपनीच्या फुकट काऊन्सेलिंग हेल्पलाइनचा रिव्ह्यू: सहा सेशन, दोन काऊन्सेलर आणि तीन ओळींचा मेल

आमच्या ऑफिसात लेडीज वॉशरूमच्या आरशाशेजारी एक पोस्टर आहे, डोक्याला हात लावून बसलेली एक बाई आणि खाली "बोला, आम्ही ऐकतोय". दोन वर्षं रोज हात धुताना ते वाचत होते, नंबर एकदाही फिरवला नव्हता. या मार्चमध्ये फिरवला. सर्व्हिसचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर कंपनी ओळखू येईल आणि कंपनी ओळखू आली की मी. पण अशा हेल्पलाइन आता पुण्यात बऱ्याच आयटी कंपन्यांनी घेतल्यात, सगळीकडे साधारण हाच मामला, वर्षाला ठरावीक सेशन फुकट, चोवीस तास नंबर, एक ॲप, म्हणून लिहितेय.

आधी माझं थोडक्यात. बायपोलर आहे (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार), टाइप टू, सहा वर्षं झाली, लिथियमवर म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर आहे आणि एरवी बऱ्यापैकी ठीक असते. काम प्रॉडक्शन सपोर्टचं, म्हणजे चालू सिस्टिम अडली की ती सोडवायची, क्लायंट अमेरिकेत, म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला ऑन-कॉल, रात्री दोनला फोन वाजला की लॅपटॉप उघडून बसायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बायपोलरमध्ये झोप बिघडली की मूड बिघडतो, नुसती दमणूक नसते ती. माझं असं होतं की लागोपाठ दोन रात्री जागरण झालं की तिसऱ्या दिवशी मी फटाफट बोलायला लागते, ऑनलाइन साड्या मागवते, पहाटे चारला किचनचे कप्पे आवरते आणि सगळ्यांना वाटतं वा काय एनर्जी आहे, आणि मग पंधरा दिवसांनी जी आपटते ती अंथरुणातून उठत नाही. त्यात लिथियमची रक्ततपासणी गोळी घेतल्यावर बारा तासांनी करायची असते, रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला लॅब. ऑन-कॉलच्या आठवड्यात गोळी कधी अकराला, कधी एकला, कधी विसरलीच, मग त्या रिपोर्टवरून काय कळणार कप्पाळ. डॉक्टर म्हणाले, "गोळी मी देतो, झोप तुम्ही आणा." आता झोप काय डी-मार्टात मिळते का.

तर ऑन-कॉल बंद आणि तास कमी, एवढं मला हवं होतं, आणि मॅनेजरसमोर ते तोंडातून निघत नव्हतं. म्हणून फोन.

मराठीसाठी ३ दाबा. दाबलं. पलीकडून "जी मॅम, बताइए". बरं. दोन दिवसांनी पहिलं सेशन, पंचेचाळीस मिनिटं, व्हिडिओवर. काऊन्सेलर पोरगी गोड होती, वय असेल पंचवीस-सव्वीस, तिनं मला श्वास मोजायला लावलं, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा म्हणाली आणि एक पीडीएफ पाठवली. लिथियम म्हटल्यावर तिनं "ओके" म्हणून जे टाइप केलं त्यावरून कळलं की बाईंना हे नवीन आहे. मी म्हटलं मला तास कमी करून हवेत, त्याचं बोलूया का. तर म्हणे "आधी आपण तुमच्या स्ट्रेसच्या मुळाशी जाऊया". अगं मुळाशी काय जायचंय, मूळ रात्री दोनला वाजतं. दुसरं सेशन तिच्याबरोबर केलं नाही, ॲपवर काऊन्सेलर बदला असा ऑप्शन आहे पण तो तीन मेनूंच्या आत लपवलाय, तो शोधा आणि बिनधास्त वापरा, कोणाला वाईट वाटत नाही.

दुसऱ्या बाई मिळाल्या त्या पन्नाशीच्या, मराठी, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला नक्की काय हवंय ते एका वाक्यात सांगा." मी सुरू झाले, की कसंय ना मॅडम, माझी तब्येत, आणि टीममध्ये पण लोक कमी आहेत, आणि मी समजू शकते त्यांची बाजू... त्यांनी मध्येच थांबवलं. "हे वाक्य नाही, ही माफी आहे." पुढचा अर्धा-पाऊण तास आम्ही तो मेल लिहीत बसलो. माझ्या ड्राफ्टमध्ये "थोडं ॲडजस्ट करून घेता आलं तर बरं होईल" असं होतं, त्यांनी विचारलं थोडं म्हणजे किती, ॲडजस्ट म्हणजे काय, बरं कोणाला होईल. शेवटी तीन ओळी उरल्या. रात्री १० ते सकाळी ७ ऑन-कॉल नको. दिवसाला ६ तास, ११ ते ५. सहा महिन्यांसाठी, दर दोन महिन्यांनी बसून आढावा घेऊ. बस. आजाराचं नावसुद्धा नाही त्यात. शेवटची मुदतीची ओळ सगळ्यात कामाची निघाली, कारण कायमचं मागितलं की समोरचा घाबरतो, सहा महिने म्हटलं की निदान ऐकून तरी घेतो.

तिसऱ्या सेशनला रोल प्ले. मला या प्रकाराचं भयंकर हसू येतं, कॉलेजात पथनाट्य करायचो तसं वाटतं, पण केलं. बाई झाल्या मॅनेजर आणि म्हणाल्या, "अगं पण तू तर एकदम नॉर्मल दिसतेस!" मी गारच. उत्तर काय द्यायचं ते पाठ करून घेतलं, "दिसते कारण औषध चालू आहे आणि झोप मिळते तेव्हा ते लागू पडतं." आणि खरोखर आठवड्यानं मीटिंगमध्ये मॅनेजर शब्दशः तेच बोलला की हो. मी हसू दाबत उत्तर दिलं. तो जरा चपापला, मग पाण्याची बाटली फिरवत म्हणाला, "माझ्या मामाला पण होतं असं काहीतरी." पुढे काही बोलला नाही. माणूस वाईट नाहीये तो, त्याला फक्त रोस्टर भरायचं असतं.

चौथ्या सेशनला बाईंनी अजून एक गोष्ट सांगितली जी सहा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. हेल्पलाइनचे काऊन्सेलर सर्टिफिकेट देऊ शकत नाहीत, ते तुमच्या सायकॅट्रिस्टकडूनच आणायचं, पण नेहमीचं "अमुक आजारासाठी उपचार चालू, दोन आठवडे विश्रांती" असलं नको. ते दिलं की एचआर तुम्हाला दोन आठवडे सुट्टीवर पाठवतं आणि विषय संपला. पत्रात काय काम जमतं, काय जमत नाही आणि किती दिवस, एवढंच हवं. माझे डॉक्टर आधी कुरकुरले, कंपन्यांच्या भानगडीत मला पाडू नका वगैरे, मग लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या, रात्रपाळी व रात्रीचं काम टाळावं, झोपेची वेळ ठरलेली असावी, कामाचे तास कमी असावेत, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. अक्षर डॉक्टरांचंच, त्यामुळे रिसेप्शनवरच्या काकूंनी ते टाइप करून दिलं, त्यांचे उपकार.

इथपर्यंत पाचपैकी साडेचार स्टार दिले असते. पण पुढे एचआर आलं आणि तिथे ही सर्व्हिस कोरडी पडली.

एचआरच्या मुलीनं आधी सांगितलं, "पॉलिसीत पार्ट टाइम असं काही नाहीये मॅम." मग म्हणाली लाँग लीव्ह घ्या, बिनपगारी. मग म्हणाली बेंचवर टाकू का काही दिवस. बेंच म्हणजे काय ते आयटीतल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, प्रोजेक्टशिवाय नुसतं बसवून ठेवणं. मी हेल्पलाइनच्या ॲपमधल्या "लीगल आणि फायनान्स" सेक्शनमधून वकिलाची अपॉइंटमेंट घेतली, अर्धा तास फुकट, आणि त्या सद्गृहस्थांनी मला मृत्युपत्राचं महत्त्व समजावलं. खरंच. मी नोकरीचं विचारतेय आणि ते विचारतायत फ्लॅट कोणाच्या नावावर आहे.

मग मीच वाचलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मानसिक आजार येतो. कामाच्या ठिकाणी वाजवी सोय, म्हणजे आजार सांभाळून काम जमेल असे बदल, करून द्यायची सक्ती कलम २० मध्ये आहे पण ती सरकारी आस्थापनांवर, प्रायव्हेटवाल्यांना तितकी थेट नाही, हे कडू आहे पण माहीत असलेलं बरं, नाहीतर आपण मीटिंगमध्ये कायदा फेकतो आणि तोंडावर पडतो. मात्र कलम २१ प्रमाणे समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेला ठेवावंच लागतं, आणि २० किंवा जास्त माणसं असतील तर नियमांप्रमाणे त्यात विशेष रजेपासून लायझन ऑफिसरपर्यंत (दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयींचं बघणारी व्यक्ती) सगळं यावं लागतं. आमच्या इंट्रानेटवर ते निघालं, रॅम्प आणि टॉयलेटच्या माहितीखाली, आणि लायझन ऑफिसर म्हणून जिचं नाव होतं ती कंपनी सोडून गेलेली. मी त्या पानाची लिंक एचआरला पाठवून फक्त एवढंच विचारलं की सध्या या जागेवर कोण आहे. दोन तासांत मीटिंग लागली.

"त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं ना" असं मैत्रिणीनं विचारलं. आरक्षण-योजनांसाठी लागतं. पण वाजवी सोय मागायला ती अट नाही असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात म्हटलंय, त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा आणि यूपीएससी परीक्षेला लेखनिक हवा होता. मी दिव्यांग कार्ड काढलेलं नाही. काढावं की नाही यावर आमच्या घरी अजून तह झालेला नाही, सासूबाईंना वाटतं कागदावर आलं की कायमचं चिकटलं. त्या शेजारणीला माझी गोळी अजून बीपीची सांगतात.

पैशाचं पण हेल्पलाइनवर कोणी बोललं नाही, ते सीए असलेल्या चुलतभावानं सांगितलं. तास कमी म्हणजे पगार कमी, ठीक, पण कात्री कुठे लावतायत ते बघ. बेसिक कमी केलं की पीएफ पण कमी होऊ शकतो, आणि ग्रॅच्युइटी तर शेवटच्या पगारावर निघते, वर्षाला १५ दिवस, २६ नं भागून, म्हणजे कमी तासांवर असताना नोकरी सोडायची वेळ आली तर बारा वर्षांची ग्रॅच्युइटी त्या कापलेल्या पगारावर बसणार. म्हणून मी सांगितलं बेसिकला हात नको, स्पेशल अलाउन्समधून काढा. आणि सहा महिन्यांनी आपोआप पूर्ववत, असं पत्रात लिहा. घासाघीस होऊन सहाचे सात तास झाले, पगार साधारण २२ टक्के कमी, ऑन-कॉल पूर्ण बंद, मेडिक्लेम तोच. लेखी.

एवढं करून पहिला महिना काय झालं तर तास सात, पगार सातचा आणि तिकिटं, म्हणजे अंगावर येणारी कामं, नऊ तासांचीच. पाचला लॅपटॉप बंद करायचे आणि सहाला चोरून उघडायचे. उरलेली दोन सेशन मी यावर घालवली, बाईंनी दर शुक्रवारी मॅनेजरला एक मेल करायची सवय लावली, पुढच्या आठवड्याच्या या आठ गोष्टी आहेत, माझ्यात सहा बसतात, कुठल्या दोन सोडू ते तू सांग. पहिल्यांदा त्यानं "सगळ्या अर्जंट" लिहिलं. मी पुन्हा तोच मेल पाठवला. तिसऱ्यांदा त्यानं दोन काढल्या. एक जण टीममध्ये कुजबुजला की हिचं बरंय बाबा, तर त्याला म्हटलं घे की तू पण, बावीस टक्के कापून.

गुपिताचं सगळे विचारतात. कंपनीला आपलं नाव जात नाही, किती जणांनी फोन केला एवढा आकडा जातो असं ते लेखी देतात, आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये पण गोपनीयतेचा हक्क आहे, जिवाला धोका वाटला तर मात्र ते इतरांना कळवू शकतात. माझ्या बाबतीत तरी काही फुटलेलं नाही. तरी सेशन ऑफिसच्या लॅपटॉपवरून करू नका, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून मोबाइलवर केली. ज्यांच्या कंपनीत हे नाही त्यांना सरकारचा टेलिमानस हा मानसिक आरोग्याचा नंबर १४४१६ आहे, फुकट, मराठीत, पण तो जड रात्रीसाठी, एचआरशी भांडायला नव्हे.

तर स्टार. दुसऱ्या बाईंना पाच. पहिलीला दोन, शिकेल ती. वकिलांना शून्य. सर्व्हिसला एकूण तीन, आणि सहा सेशन फार कमी आहेत, सातव्याचे त्यांनी पंधराशे सांगितले.

अर्धा स्टार ॲपसाठी कापतेय. रोज रात्री साडेअकराला त्यावर नोटिफिकेशन येतं, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" झोपलेली असते हो मी तेव्हा, त्यासाठीच तर एवढं सगळं केलं. सेटिंगमध्ये शोधून दमले, बंद कसं करायचं कोणाला सापडलं तर खाली लिहा.