भाड्याचा पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप: पुराच्या पाण्यात किती कामाचा?
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या बाजारातही कृषी अवजारांच्या दुकानात पाणी उपसणारे, पेट्रोलवर चालणारे पंप भाड्याने मिळू लागले आहेत. वीज गेल्यावरही पंप चालतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मात्र पाण्यातील पऱ्हाटी आणि प्लास्टिकने पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी वारंवार तुंबते आणि नाली भरलेली असल्यास उपसलेले पाणी परत दारातच येते. म्हणून आधी उंबरठ्यावर निम्म्याहून थोड्या अधिक भरलेल्या वाळूच्या पोत्यांचे थर सांधेमोड पद्धतीने, म्हणजे विटांसारखे सांध्यावर सांधा न येऊ देता, रचावेत. पंप बंद खोलीत चालवणे जीवघेणे आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. ही सूचना दुकानाने प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायलाच हवी.