दोन रिपीटर, एकच अँटेना: आठ महिन्यांनंतर

कांजूरमार्गला आमच्या सोसायटीचे चार टॉवर, दोन मजले बेसमेंट आणि पस्तीस वॉकी-टॉकी. देखभाल माझ्याकडे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा आमचा जुना रिपीटर (वॉकीचा सिग्नल घेऊन तो जोरात पुढे पाठवणारं यंत्र) तिथल्या तिथे गप्प झाला होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या आजींचा निरोप वॉचमनने जिने चढून पोचवला. तेव्हापासून कमिटीच्या मागे लागलो होतो, यंदा फेब्रुवारीत नवा संच बसला.

संच डीएमआरचा, म्हणजे डिजिटल रेडिओचा: एक मेन रिपीटर, एक स्टँडबाय, मध्ये एक बंद पडला की दुसरा चालू करणारं चेंजओव्हर युनिट, दोघांना वेगळे पॉवर सप्लाय आणि खाली १०० एएचची बॅटरी. साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर दोन टाइमस्लॉट मिळतात, म्हणजे एकाच चॅनलवर दोन वेगळी बोलणी चालतात. एकावर सिक्युरिटी, दुसऱ्यावर लिफ्ट-प्लंबिंगवाले. विक्रेता याला ‘डबल सिस्टीम’ म्हणतो, ते मात्र खरं नाही. रिपीटर गेला की दोन्ही स्लॉट सोबतच जातात.

आवाज छान, बेसमेंटमध्येसुद्धा. त्यावर जास्त लिहीत नाही.

बसवल्याच्या दिवशी मी मेनचा प्लग काढला. स्टँडबाय दोन सेकंदांत आला, सगळे खूश. मग मागे वाकून पाहिलं, तर दोन्ही पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणि तो बोर्ड एकाच एमसीबीवर! इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी दुसरी लाइन ओढायला लावली.

जूनच्या शेवटी मेनचा पॉवर सप्लाय जळाला. स्टँडबायने काम इतकं बेमालूम उचललं की अकरा दिवस कुणाला पत्ताच नाही. त्या अकरा दिवसांत आम्ही एकाच रिपीटरवर होतो आणि समजत होतो की दोन आहेत. युनिटच्या मागे फॉल्ट अलार्मचं कनेक्शन होतं, पण बसवणाऱ्यांनी त्याला काही जोडलंच नव्हतं. आता तिथून वायर काढून कंट्रोल रूममध्ये हूटर लावलाय. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुद्दाम मेन बंद करून दिवसभर स्टँडबायवर काम करतो. बाकी, बदली पॉवर सप्लाय यायला तीन आठवडे लागले. सर्व्हिसचे गुण तिथेच कापले.

खरा दणका ऑगस्टमध्ये बसला. सलग तीन दिवस पाऊस, आणि हळूहळू चौथा टॉवर ऐकूच येईना. मेन बदला, स्टँडबाय घ्या, फरक शून्य. गच्चीवर अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. केबलमधून पॉवर उलटी परतायला लागली की स्वतःला वाचवायला रिपीटर पॉवर कमी करतो, आणि आमचे दोन्ही रिपीटर त्याच एका केबलवर, त्याच एका अँटेनावर. डुप्लेक्सरही (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं सोबत चालू देणारी पेटी) एकच. दीड दिवस पोरांनी रिपीटरशिवाय थेट बोलायच्या चॅनलवर काढला, टॉवरबाहेर माणूस उभा करून निरोप पुढे देत. हा चॅनल प्रत्येक वॉकीत आधीच भरून ठेवला होता म्हणून निभावलं. तुमच्याकडे नसेल तर आजच प्रोग्रॅमिंगवाल्याला फोन करा, खर्च नगण्य आहे.

नवा कनेक्टर लावला, वर रबर टेप गुंडाळली आणि केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोलावरून गळून पडतं. खाडीकडच्या खाऱ्या हवेत ही टेप दरवर्षी बदलायची, असं ठरवलंय.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. जनरेटर सुरू व्हायच्या आत तिची कसोटीच लागत नाही.

पाचपैकी साडेतीन. दुसऱ्या गच्चीवर वेगळी अँटेना आणि वेगळी केबल टाकायचं कोटेशन कमिटीपुढे आहे. ‘दोन रिपीटर आहेत ना, मग अजून कशाला?’ असं विचारून सेक्रेटरींनी ते पुढच्या मीटिंगला ढकललंय.