रोजचं जीके: पुस्तक की व्हिडिओ?
वहिनी विचारत होत्या, पाच वर्षांच्या मुलीला रोज दहा मिनिटं जीके शिकवायचंय, पुस्तक आणू की मोबाईलवर व्हिडिओ लावून देऊ?

खर्चाचं म्हणाल तर पुस्तक एकदाच घ्यायचं, नंतर धाकट्यालाही चालतं. व्हिडिओ फुकट वाटतात पण मधेमधे जाहिराती, आणि एकाचे चार कधी होतात कळतच नाही.

मेहनत मात्र पुस्तकात जास्त, शेजारी बसावंच लागतं. पण खरा फायदा तिथेच आहे, देवमाशाचं पान आलं की मूल लगेच विचारतं हा श्वास घ्यायला वर का येतो, मग सांगता येतं की याला कल्ले नाहीत, आपल्यासारखी फुप्फुसं आहेत, पिल्लं आईचं दूध पितात, आणि रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेऊन निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडाच दाखवायचा. व्हिडिओ पॉज करता येतो, पण करतं कोण?

हां, ज्वालामुखी, सुरवंटाचं फुलपाखरू, असं जे हलताना बघायचं त्याला व्हिडिओच भारी.

घरात आजी-आजोबा किंवा संध्याकाळी बसणारं कोणी असेल तर पुस्तकच घ्या. दोघंही उशिरा घरी येत असाल तर एकच छोटा व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवा, आणि जेवताना त्यावर दोन प्रश्न नक्की विचारा.