परांचीसाठी दोन हुकांचा हार्नेस: पाचपैकी साडेतीन

फुल बॉडी हार्नेस, म्हणजे उंचावर काम करताना मांड्या, छाती, खांद्यांवर बांधायचे सुरक्षा पट्टे. दोन दोऱ्यांचा, प्रत्येकाच्या टोकाला हुक, पडल्याचा झटका कमी करणाऱ्या शॉक अब्सॉर्बरसकट. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत घेतला, नग तीन हजारांच्या आत पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले बहुतेक नग मला सारखेच दिसले. मी बाहेरच्या गिलाव्याची आणि रंगाची कामं घेतो. वाकडच्या एका उंच इमारतीवर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या पोरांनी हे हार्नेस घातले.

दुकानदाराने आधी कमरेचा पट्टा पुढे केला. "साहेब आले की दाखवायला पुरतो." खपतो तोच, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार! पण कमरेच्या पट्ट्यावर माणूस पडला की सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो. फुल बॉडीत तो मांड्या, छाती, खांदे यांत वाटला जातो.

दोन हुक का, तर आमच्या ओळखीचा लातूरकडचा एक गवंडी दुसऱ्या ठेकेदाराच्या साइटवर पडून वारला, तोही बेल्ट अंगावर असतानाच. हुक एकच होता. आडवा पाईप ओलांडायला त्याने तो काढला, पलीकडे लावायच्या आत पाय सुटला. दोन हुक असले की एक पुढे लावल्याशिवाय मागचा काढायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ आता माझ्याकडे आहे, येताना भावाची थापी घेऊन आला. खंडेनवमीला ती ओळंब्याशेजारी मांडतो. यंदा पोरांनी आपणहून हार्नेसही मांडले, हळदकुंकू वाहिलं.

हुकाला पूर्ण मार्क. परांचीचा पाईप ४८ मिलिमीटरचा, साध्या कॅराबिनरच्या, म्हणजे छोट्या कडीसारख्या हुकाच्या तोंडात तो मावत नाही. मग पोरं हुक सुतळीला अडकवतात, म्हणजे न अडकवल्यासारखंच. याचं तोंड मोठं आहे, एका हाताने, थापी हातात असतानाही, पाईपवर बसतं.

अब्सॉर्बरबद्दल मात्र दुकानात कुणी सांगत नाही ते ऐका. दोर दोन मीटर. झटक्याने अब्सॉर्बरची शिलाई उकलली की तो आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. त्यात पाठीच्या कडीपासून पायापर्यंतचं माणसाचं दीडेक मीटर, वर मीटरभर राखीव. हुक पायाशी लावला तर खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्यावर एवढी जागा कुठली? तिथे माणूस आधी जमिनीला लागणार. खालच्या मजल्यांवर आम्ही कठडा आणि जाळी आधी मागतो. वर हुक डोक्याच्या वरच्या पाईपला, हा नियम. "दादा, हात पोचत नाही" म्हणणाऱ्याला मी खाली बोलावतो.

आता दीड मार्क कुठे गेला ते. मांडीपट्ट्यांचं बकल घामाने आणि सिमेंटच्या चिखलाने सरकतं, दुपारी पुन्हा आवळावं लागतं. आणि हा नग बनवणाऱ्यांनी बिगारी बाई कधी बघितलेलीच नाही. साडीवर मांडीपट्टे बसत नाहीत, निऱ्या गोळा होऊन बकलमध्ये अडकतात. आमच्या बायकांनी ट्रॅक पॅन्ट आणि वर पुरुषी शर्ट घालून तोड काढली, तरी सगळ्यात लहान मापही त्यांना ढगळच.

४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ झाल्यावर एका तगड्या पोराला जमिनीपासून हातभर वर लटकवला. सगळे हसत होते. थोड्याच वेळात तोच म्हणाला, उतरवा, पायांना मुंग्या आल्या. पट्टे मांडीतलं रक्त अडवतात. म्हणजे पडलेला माणूस लटकून वाचला तरी काही मिनिटांत खाली आणावा लागतो, अग्निशमन दलाची वाट बघत बसता येत नाही. कोण वर जाणार, कुठली शिडी, कुठला दोर, हे सकाळीच ठरलेलं असावं.

आणि हार्नेस वाटले म्हणजे बाकी सगळं माफ, असं समजणाऱ्या मालकांसाठी: शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर लाँचर, म्हणजे पुलाच्या तुळया चढवणारं अवजड यंत्र, कोसळलं, २० जण गेले. सांगाडाच खाली येतो तेव्हा त्याला अडकवलेला हुक काय करणार? परांचीचे कपलर (पाईप जोडणारे क्लॅम्प) आणि बुडखे (खालचे टेकू) रोज तपासायचे, ते काम हार्नेस करत नाही. ९० दिवस काम झालेल्या पोरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणीही करायची, तेही हार्नेस करत नाही.

घेताना लेबलवर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि बनवल्याचा महिना बघा. शिलाईचा रंगीत दोरा उसवलेला असेल तर परत करा. एकदा झटका खाल्लेला हार्नेस कितीही नवा दिसला तरी बाद. टाकताना पट्टे कटरने कापूनच टाका, नाहीतर भंगारवाल्याकडून तो धुऊन-पुसून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढतो.