पीआर इंटर्नशिप : सहा महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारी ते जून मी पुण्यात डेक्कनवरच्या एका छोट्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत इंटर्न होते. स्टायपेंड महिना ६ हजार, आणि हडपसरहून जाण्यायेण्यात पीएमपीचे रोज दोन-अडीच तास. हे आधी सांगते, कारण घरचे पहिल्यांदा तेच विचारतात.

पहिला महिना कात्रणांत गेला. सकाळी साडेसातला ‘सकाळ’, ‘लोकसत्ता’, ‘लोकमत’, ‘पुढारी’, ‘प्रभात’, ‘केसरी’ असे पेपर टेबलावर. क्लायंटचं नाव दिसलं की स्कॅन करायचं, पान आणि आवृत्ती लिहायची, नऊच्या आत मेल. वैताग यायचा. पण रोज एवढे पेपर चाळल्यावर कुठली बातमी पहिल्या पानावर जाते, कुठली पुरवणीत आणि कुठली दोन ओळींत संपते, हे डोळ्यांना कळायला लागतं. वर्गात दोन वर्षं बसूनही मला ते कळलं नव्हतं.

माझी पहिली प्रेसनोट मी इंग्रजी मसुद्यावरून केली होती. सुरुवात, ‘जाहीर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’. शिक्षणाच्या बातम्या बघणाऱ्या एका वार्ताहरांना फोन केला. ते म्हणाले, “आनंद तुम्हाला झालाय हो. माझ्या वाचकाला काय मिळणार?” महापालिका शाळांतल्या मुलांसाठी मोफत विज्ञान कार्यशाळा, ही खरी बातमी मी चौथ्या परिच्छेदात पुरली होती. ती वर आणली, विशेषणं काढली, पीडीएफऐवजी मेलमध्येच युनिकोड मजकूर टाकला. दुसऱ्या दिवशी सिंगल कॉलम आली. तेव्हापासून मी मसुदा बाजूला ठेवून आधी मराठीतच पहिलं वाक्य सांगून बघते. आणि संध्याकाळी पाचनंतर वार्ताहरांना फोन करत नाही. ती त्यांची बातम्या द्यायची घाईची वेळ.

याच कार्यशाळेच्या पुढच्या फेरीत माझ्याकडून मोठी चूक झाली. नोटमध्ये तारीख रविवारची आणि वार शनिवार गेला. दोन ठिकाणी तसंच छापून आलं. शनिवारी सकाळी काही पालक मुलांना घेऊन आले तर सभागृहाला कुलूप. एजन्सीच्या मॅडमनी मला तिथंच पाठवलं. मी एकेका पालकाची माफी मागितली, रविवारी यायची विनंती केली. एक मुलगी नवा गणवेश घालून आली होती. रविवारी ती आली नाही. ती चूक मला अजून सलते. आता कॅलेंडर समोर ठेवल्याशिवाय आणि दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय माझी नोट बाहेर जात नाही.

एका गोष्टीवरून मात्र माझं एजन्सीशी पटलं नाही. महिन्याच्या अहवालात बातमीचे कॉलम सेंटीमीटर मोजून जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि ‘इतक्या लाखांचं कव्हरेज’ म्हणून क्लायंटला दाखवायचं. जनसंपर्काच्या कामाचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत जनसंपर्काचं मोल सांगत नाही असं स्पष्ट म्हटलंय. मी ते मांडलं. क्लायंटला आकडा लागतो, असं उत्तर मिळालं. मग मी अहवालात आणखी एक रकाना सुरू केला : बातमी वाचून किती पालकांनी नोंदणीसाठी फोन केला. तो मात्र राहू दिला.

दुसरा प्रसंग एका गृहप्रकल्पाचा. ताबा लांबला, ग्राहक चिडले, आणि क्लायंटचं म्हणणं, पेपरवाल्यांना काही सांगू नका. मला अमेरिकेतले सुरुवातीच्या काळातले जनसंपर्क तज्ज्ञ आयव्ही ली आठवले : १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा त्यांनी पत्रकारांना लांब न ठेवता माहिती दिली होती. मॅडमनी हे क्लायंटला त्यांच्या शब्दांत सांगितलं. दोन दिवसांनी कारण आणि नवी तारीख असलेलं निवेदन गेलं. लिहिताना माझा हात थरथरत होता, पण त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं.

मुलाखतीला जाल तेव्हा एवढं नक्की विचारा : नोट मी लिहिणार का, वार्ताहरांशी मी बोलणार का? सहा महिने नुसती कात्रणंच असतील तर दुसरीकडे बघा. आणि मराठी कच्ची असेल तर आजपासून रोज एक पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा.