क्रे की टेट: जनुक फक्त यकृतात बंद करायचं तर

तुमचा प्रश्न: उंदरातलं जनुक फक्त यकृतात बंद करायला क्रे घ्यावं की टेट? अख्ख्या उंदरातून जनुक काढलं तर पिल्लं गर्भातच दगावतात, मग गाईड म्हणतात, "फक्त यकृतात बंद करून बघ." बहुतेक जण लगेच उंदरांचा कॅटलॉग उघडतात. त्याआधी एक ठरवा: बंद केलेलं पुन्हा चालू करायचंय का?

नसेल, तर क्रे-लॉक्सपी. जनुकाच्या दोन्ही बाजूंना डीएनएच्या ३४ अक्षरांची लॉक्सपी खूण, आणि अल्ब्युमिन या प्रथिनाच्या प्रोमोटरवर (जनुक कुठे चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) चालणारं, दोन खुणांमधलं जनुक कापून टाकणारं क्रे हे एन्झाइम, मूळचं पी१ फाजचं, म्हणजे जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचं. अल्ब्युमिन यकृतपेशी बनवतात, म्हणून कात्रीही तिथेच चालते. कापलं ते कापलं. त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या पेशींतही ते नसतं. अडचण वेळेची. ही कात्री गर्भातच चालू होते आणि काम पुरं व्हायला जन्मानंतरही काही आठवडे जातात.

प्रौढ उंदरातच कापायचं तर क्रे-ईआरटी२. टॅमॉक्सिफेन हे औषध टोचेपर्यंत हे क्रे केंद्रकाबाहेर, म्हणजे डीएनएपासून दूर, अडकून राहतं. मात्र टॅमॉक्सिफेन पेशींतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरलाही (इस्ट्रोजेन संप्रेरक ओळखणारं प्रथिन) धरतं. गर्भाशय, स्तन किंवा हाडांवर काम असेल तर औषधाचा परिणाम जनुकाच्या नावावर खपेल. म्हणून क्रे नसलेल्या भावंडांनाही तेच इंजेक्शन द्यायचं.

पुन्हा चालू करायचं असेल, तर नाव निघतं टेटचं, म्हणजे औषधाने जनुक चालू-बंद करायच्या पद्धतीचं. तिच्याबद्दल गैरसमज फार. १९९२ मध्ये गॉसेन आणि बुयार्ड यांनी हायडेलबर्गला ती बनवली. तिच्यात डॉक्सिसायक्लिन हे औषध दिलं की जनुक थांबतं. १९९५ च्या उलट्या आवृत्तीत चालू होतं. पण ती उंदराचं स्वतःचं जनुक बंद करत नाही, तुम्ही घातलेलं चालवते. यकृतात मिक हे कर्कजनुक चालू ठेवून गाठ आणली आणि मग डॉक्सिसायक्लिनने ते बंद केलं, तर गाठ ओसरली. क्रेने हा प्रयोग जमलाच नसता. फक्त लक्षात ठेवा, डॉक्सिसायक्लिन शेवटी अँटिबायोटिक आहे. आतड्यातले जीवाणू बदलतात, मायटोकाँड्रियातली प्रथिननिर्मितीही मंदावते. चयापचयावर काम करणाऱ्याने तर दहादा विचार करावा.

पिंजऱ्यांचा हिशेबही आत्ताच करा. क्रेसाठी दोन पिढ्या लागतात आणि दुसऱ्या पिढीत हवं ते पिल्लू चारात एक. गर्भ तीन आठवडे, वयात यायला सहा ते आठ. म्हणजे पहिला प्रौढ उंदीर हाती यायला सुमारे पाच महिने. टेटला एकाच पिढीत भागतं. (जनुक फळमाशीतही असेल तर आधी गॅल४-यूएएस, म्हणजे माशीत ठरावीक अवयवात जनुक चालवायची पद्धत, करून बघा. २५ अंशांना तिथे दहा दिवसांत नवी पिढी येते.)

तुमच्या प्रश्नाला माझं मत: क्रे-ईआरटी२. पण नावात "यकृत" आहे म्हणून प्रोमोटरवर विश्वास टाकू नका. नेस्टिन-क्रेचे (मेंदूसाठी वापरतात त्या क्रेचे) उंदीर तर लॉक्सपी नसतानाही खुरटलेले निघतात, म्हणून नुसत्या क्रेचा कंट्रोल हवाच. आणि आधी एक जोडी रिपोर्टर उंदराशी (क्रे जिथे चालतं तिथे ज्याच्या पेशी चमकतात) लावा, मग यकृताबरोबर मूत्रपिंड, आतडं आणि वृषणही कापून सूक्ष्मदर्शकाखाली चमक कुठे दिसते ते बघा.